वाचक विचारतात : अध्यक्ष निवडायचा तो चिठ्ठीने की हात वर करून?

या खेपेस नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : संसदेच्या किंवा विधानसभेच्या अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने व्हावी की उघडपणे? त्यांतले निवडक प्रश्न घेऊन उत्तरे देत आहोत. ज्या प्रश्नांचा आशय एकच होता, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडला जातो, असे सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, आपली संसदीय पद्धत ज्यांच्याकडून आली, त्यांनी उघड मतदान सोडले कशासाठी? मला नेमके उत्तर देता आले नाही. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : तत्त्वचर्चा पुष्कळ झाली होती, पण बदल घडला तो एका दिवसाच्या फजितीमुळे. बेट्टी बूथरॉइड निवृत्त झाल्यावर २३ ऑक्टोबर २००० रोजी नव्या अध्यक्षांची निवड ठेवण्यात आली. जुनी रीत अशी होती की, एका सदस्याच्या नावाचा ठराव मांडायचा आणि दुसरे नाव पुढे करायचे असेल तर ते त्या ठरावाला उपसूचना म्हणून मांडायचे. दोन उमेदवार असताना ही रीत चालून जाते. त्या दिवशी मात्र डझनभर इच्छुक होते. ज्येष्ठतम सदस्य या नात्याने माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ पीठासीन होते; एकेक उपसूचना मताला टाकली जात होती, प्रत्येक वेळी सदस्य उठून मतदानाच्या दालनांतून जात होते आणि पुन्हा येऊन बसत होते. मायकेल मार्टिन यांच्या नावावर शिक्कामोर्तब व्हायला सुमारे सात तास लागले. सर्व उमेदवारांची एकमेकांशी तुलना कधी झालीच नाही. जे नाव मूळ ठरावात आले, त्याच्यासमोर बाकीचे एकेक करून उभे राहिले आणि पडले.

वेळेपेक्षा मोठा दोष मात्र वेगळाच होता आणि आपल्या विद्यार्थ्याला तोच सांगावा, असे आम्हाला वाटते. उघड मतदानात कोणत्या सदस्याने कोणाच्या विरोधात मत दिले, याची छापील नोंद राहते. ज्या अध्यक्षाच्या विरोधात आपण मत दिले, त्याच्याकडेच पुढची कित्येक वर्षे बोलण्याची परवानगी मागायची, प्रश्न पुकारला जावा म्हणून त्याच्याच नजरेस पडायचे, हे कोणत्याही सदस्याला अवघड वाटणारच. त्यामुळे जो जिंकणार अशी चिन्हे दिसतात, त्याच्या बाजूला झुकण्याकडे कल वाढतो.

२००१ मध्ये सभागृहाने नियम बदलला. उमेदवारीसाठी किमान १२ आणि जास्तीत जास्त १५ सदस्यांच्या सह्या लागतात आणि त्यांतल्या किमान ३ सह्या उमेदवाराच्या पक्षाबाहेरच्या असाव्या लागतात. मतपत्रिकेवर एकाच नावासमोर खूण करायची. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळवणारा आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी मते मिळवणारे बाद होतात. निकाल जाहीर झाल्यापासून १० मिनिटांत ज्याला माघार घ्यायची आहे त्याने घ्यायची आणि मग पुढची फेरी. या नियमाने पहिली निवडणूक २२ जून २००९ रोजी झाली. १० उमेदवार होते, तीन फेऱ्या झाल्या आणि अखेरच्या फेरीत जॉन बर्को यांना ३२२, तर जॉर्ज यंग यांना २७१ मते पडली. हे दोघेही विरोधातल्या हुजूर पक्षाचे आणि सभागृहात बहुमत होते मजूर पक्षाचे. मजूर सदस्यांच्या मतांवर बर्को निवडून आले, असा सर्वांचा अंदाज होता. पण कोणी कोणाला मत दिले हे कागदावर कोठेच नाही, आणि तीच या पद्धतीची खरी कसोटी आहे.

कॅनडाने हे पाऊल आधीच उचलले होते. ३० सप्टेंबर १९८६ रोजी तेथे जॉन फ्रेझर यांची निवड ११ फेऱ्यांनंतर झाली आणि त्याला सुमारे १२ तास लागले. म्हणजे गुप्त मतदानाने वेळ वाचतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याला हे उदाहरण दाखवावे. तेथे आता सदस्य एकाच मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितात, त्यामुळे फेऱ्यांची दगदग संपली आहे.

प्रश्न : ब्रिटनमध्ये २०१५ साली सरकारनेच अध्यक्षांसाठी गुप्त मतदान आणू पाहिले आणि विरोधकांनी ते हाणून पाडले, असे वाचले. गुप्त मतदान तर आधीपासूनच होते. मग हा वाद कशाचा? आणि गुप्ततेला विरोध विरोधी पक्षाने करावा, हे उलटे नाही का? (सिडको, नाशिक)

उत्तर : आपला गोंधळ रास्त आहे. नवा अध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा गुप्त मतदान होते. पण सार्वत्रिक निवडणुकीनंतर मागील अध्यक्ष पुन्हा निवडून आला आणि त्याची त्या पदावर राहण्याची इच्छा असेल, तर ‘यांनीच पुढे काम पाहावे का’ एवढाच प्रश्न सभागृहासमोर उघडपणे ठेवला जातो. बहुतेक वेळा तो एका आवाजात मंजूर होतो. गुप्त मतदान लागते ते हा प्रश्न फेटाळला गेला तरच.

बर्को यांचे आणि त्यांच्याच मूळ पक्षाच्या सरकारचे संबंध एव्हाना बिघडले होते. संसद विसर्जित होण्यापूर्वीचा कामकाजाचा शेवटचा दिवस होता २६ मार्च २०१५. मतदारसंघांत प्रचाराची लगबग सुरू होऊन अनेक सदस्य लंडनबाहेर होते. अशा वेळी सभागृहनेते विल्यम हेग यांनी आदल्या दिवशी सूचना देऊन ठराव आणला की, फेरनिवडीलाही गुप्त मतदान असावे. या विषयाचा विचार ज्या कामकाज समितीने करायचा, तिचे अध्यक्ष चार्ल्स वॉकर हे सत्ताधारी पक्षाचेच; त्यांना कशाची कुणकुणही लागू दिली नव्हती. त्यांनी सभागृहात आपल्याच नेत्यांविषयीची नाराजी इतक्या उघडपणे बोलून दाखवली की, विरोधी बाकांवरचे सदस्य उभे राहून त्यांना दाद देऊ लागले. ठराव २०२ विरुद्ध २२८ मतांनी पडला.

गुप्त मतदान चांगले की वाईट, या प्रश्नावर त्या दिवशी जो कौल मागितला गेला, तो प्रत्यक्षात एका व्यक्तीवरचा कौल होता आणि सदस्यांनी तो तसाच वाचला. फेरनिवडीला गुप्त मतदान असावे, यात मुळात गैर काहीच नाही. कदाचित ते योग्यच आहे. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी, रिकाम्या सभागृहाचा मुहूर्त साधून नियम बदलायला निघाले की, चांगला नियमही संशयाच्या फेऱ्यात सापडतो. हे वाचताना आपल्याला आपल्याच विधानसभेची आठवण झाली असेल, तर पुढचा प्रश्न त्याविषयीच आहे.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. महाराष्ट्र विधानसभेत अध्यक्षांची निवड पूर्वी गुप्त मतदानाने होत असे आणि २०२१ मध्ये ती आवाजी मतदानाने करण्यात आली, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. हा बदल का झाला आणि न्यायालयाने त्यावर काय म्हटले? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते. तीन पक्षांच्या या सरकारकडे बहुमत होते, पण गुप्त मतदानात आपलेच आमदार फुटले तर काय, ही धास्तीही होती. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरकारचा उमेदवार पडला तर तो अविश्वास ठरावाइतकाच गंभीर प्रसंग समजला जातो. म्हणून डिसेंबर २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात विधानसभा नियमांतील अध्यक्षांच्या निवडीचा नियम ६ आणि उपाध्यक्षांच्या निवडीचा नियम ७ यांत दुरुस्ती करून गुप्त मतदानाच्या जागी आवाजी मतदान आणण्यात आले. लोकसभेत आणि अन्य अनेक विधानसभांत हीच पद्धत आहे, असे सरकारचे म्हणणे होते आणि ते वस्तुस्थितीला धरूनच होते.

तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मात्र दुरुस्तीवर आक्षेप घेऊन निवडणुकीच्या तारखेला संमती दिली नाही. भाजपचे आमदार गिरीश महाजन (आपल्याकडे ते नाशिकचे पालकमंत्री म्हणूनही परिचित आहेत) या दुरुस्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. सुनावणीपूर्वी त्यांना १० लाख रुपये अनामत भरावी लागली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने ९ मार्च २०२२ रोजी याचिका फेटाळली आणि अनामतही जप्त केली. अध्यक्ष कसा निवडायचा हा सभागृहाच्या कामकाजाचा प्रश्न असून यात जनहित कोणते, असा न्यायालयाचा रोख होता. आपण विधीचे विद्यार्थी आहात म्हणून सांगतो : अनुच्छेद १७८ मध्ये विधानसभेने अध्यक्ष निवडावा एवढेच म्हटले आहे, मतदान कसे घ्यावे हे सांगितलेले नाही. नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद २०८ ने सभागृहाला दिला आहे. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीबाबत मात्र अनुच्छेद ५५ व ६६ मध्ये गुप्त मतदानाचा स्पष्ट उल्लेख आहे. घटनाकारांना गुप्तता हवी होती तेथे त्यांनी ती लिहून ठेवली, असा युक्तिवाद यावरून करता येतो.

यापुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी ती क्रमाने पाहण्यासारखी आहे. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक गुप्त मतदानाने झाली. आघाडीची मते फुटली आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. सरकारची धास्ती अनाठायी नव्हती, हे त्या दिवशी दिसले. त्याच रात्री एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेकडे निघाले. सरकार पडले, नवे आले आणि ज्या निवडणुकीला १७ महिने मुहूर्त मिळत नव्हता ती ३ जुलै २०२२ रोजी पार पडली. तीही त्याच दुरुस्त नियमाने. आवाजी मतदानानंतर विरोधकांनी मतविभागणी मागितली, तेव्हा शिरगणती झाली : एकेक सदस्य आपल्या जागी उभा राहून नाव आणि क्रमांक उच्चारत होता आणि दूरचित्रवाणीवर अख्खा महाराष्ट्र ते पाहत होता. राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते मिळाली. आघाडीने आपले आमदार राखण्यासाठी केलेला नियम तिच्या विरोधकांच्या कामी आला आणि ज्यांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठले होते, त्यांनी तो रद्द करण्याची घाई केली नाही. दोन्ही बाजूंचे गुप्त मतदानावरचे प्रेम किंवा राग हा आपापल्या संख्याबळावर ठरत होता, असे म्हटल्यास त्यात फारसा अन्याय होणार नाही.

प्रश्न : जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत आमच्या आमदारांचे मत बाद झाले. मतदान उघड होते असे म्हणतात, मग मतपत्रिका दिसली म्हणून मत बाद कसे होते? (नांदगाव, जि. नाशिक)

उत्तर : राज्यसभेसाठी आमदारांचे मतदान २००३ च्या कायदादुरुस्तीनंतर उघड झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर प्रकरणात ते वैध ठरवले. पण ‘उघड’ याचा अर्थ येथे फार मर्यादित आहे. आमदाराने खूण केलेली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी केवळ आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. अन्य कोणालाही ती दिसता कामा नये. सुहास कांदे यांच्याबाबत तक्रार होती की, मतपत्रिका दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीलाही दिसेल अशा रीतीने त्यांनी धरली. निवडणूक आयोगाने चित्रीकरण पाहून ते मत बाद ठरवले. म्हणजे हे मतदान जनतेसाठी गुप्त, प्रतिस्पर्ध्यासाठी गुप्त आणि पक्षासाठी मात्र उघड आहे. मतदाराला उत्तरदायी राहण्यासाठी उघड मतदान हवे, असे सांगितले जाते. राज्यसभेच्या पद्धतीत मतदार कोठेच येत नाही, येतो तो पक्षाचा प्रतिनिधी.

प्रश्न : लोकप्रतिनिधी आमच्या मतांवर निवडून जातात. त्यांनी सभागृहात काय केले हे आम्हाला कळलेच पाहिजे. मग अध्यक्ष निवडताना त्यांना पडद्याआड मत देऊ द्यावे, असे आपल्याला वाटते का? स्पष्ट मत सांगावे. (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : स्पष्टच सांगतो : अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने व्हावी असे आम्हाला वाटते, पण आज नाही. आधी एक गोष्ट व्हायला हवी. ती कोणती, ते पुढे येईल.

लोकप्रतिनिधीची सगळी मते एका जातीची नसतात. अर्थसंकल्प, कायदा, विश्वासदर्शक ठराव यांवरचे मत हे धोरणावरचे मत आहे आणि ते उघडच असले पाहिजे. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बहुमत चाचणी गुप्त मतदानाने न घेता उघडपणे आणि थेट प्रक्षेपणासह घेण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने योग्य होता. अध्यक्षाची निवड ही धोरणाची निवड नाही. दोन्ही संघांना मान्य होईल असा पंच नेमण्यासारखी ती आहे, आणि पंच नेमताना एका संघाच्या कर्णधाराने आपल्या खेळाडूंना आदेश द्यावा, हे खेळाच्या मुळावर येते. आपल्याकडे हा आदेश नुसता दबाव राहत नाही, त्याला कायद्याचे बळ आहे. दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षादेश विश्वासमतापुरता आणि पक्षाच्या मूलभूत धोरणांपुरता मर्यादित असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहन निकालात सुचवले, तरी अध्यक्षांच्या निवडणुकीत सर्रास पक्षादेश निघतात. २०२२ मध्ये तर एकाच पक्षाच्या दोन प्रतोदांनी दोन परस्परविरोधी आदेश काढले आणि त्यांतला खरा कोणता, यावर घटनापीठाला ११ मे २०२३ रोजी निकाल द्यावा लागला. मतदान गुप्त असते तर कोणाचा आदेश कोणी मोडला, हे सिद्धच करता आले नसते.

गुप्त मतदानाने घोडेबाजार वाढेल, हा आक्षेप गंभीर आहे. २० जून २०२२ चा दाखला आम्ही वर दिलाच आहे. पण उघड मतदानाने घोडेबाजार थांबतो, हे खरे नाही. आपल्या नाशिक महापालिकेत महापौर हात वर करून निवडला जातो. त्या निवडणुकीच्या आधी नगरसेवकांना ‘सहली’ला नेण्याची जी रीत राज्यभर रूढ झाली आहे, ती काही गुप्त मतदानामुळे आलेली नाही. उघड मतदानात विकत घेणाऱ्याला माल मिळाल्याची पावतीच मिळते. गुप्त मतदानात पैसे देणाऱ्यालाही खात्री नसते. या युक्तिवादाने सगळा धोका नाहीसा होतो असे नाही, पण पारडे वाटते तितके एका बाजूला झुकलेले नाही.

मग ‘आज नाही’ असे का म्हणतो? कारण आपल्याकडील अध्यक्ष हा केवळ सभा चालवणारा नसतो. पक्षांतराच्या प्रकरणांत कोण अपात्र हे तोच ठरवतो, आणि त्यावर सरकारांचे आयुष्य अवलंबून असते. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिला, तोवर अवघ्या राज्याचे लक्ष एका खुर्चीकडे लागलेले होते. ब्रिटन किंवा कॅनडाच्या अध्यक्षाकडे असला अधिकार नाही. तेथे अध्यक्षपद मिळवणाऱ्या पक्षाच्या हाती सरकारची दोरी येत नाही, म्हणून तेथील सदस्य निर्धास्तपणे माणूस पाहून मत देऊ शकतात. येथे तो अधिकार तसाच ठेवून मतदान गुप्त केले, तर त्या एका मताची किंमत इतकी वाढेल की, कोणतीही पेटी ती झाकू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुचवले होते की, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांऐवजी एखाद्या स्थायी न्यायाधिकरणाकडे द्यावा काय, याचा संसदेने विचार करावा. ते आधी व्हावे. त्यानंतर ब्रिटनप्रमाणे अन्य पक्षांतल्या काही सह्यांची अट घालून गुप्त मतदान आणावे. सह्यांची अट आम्हाला पेटीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण समोरच्या बाकावरचे तीन-चार जणसुद्धा ज्याच्या निःपक्षपातीपणाची ग्वाही देत नाहीत, त्याला खुर्चीवर बसवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : लोकसभेत अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मतदान कधी झाले आहे का? दर वेळी बिनविरोधच निवड झालेली ऐकतो. (पंचवटी, नाशिक)

उत्तर : झाले आहे, पण मोजक्या वेळा आणि नेहमीच उघडपणे. पहिल्याच लोकसभेत १९५२ साली गणेश वासुदेव मावळंकर यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे होते. मावळंकरांना ३९४ आणि मोरे यांना ५५ मते पडली. दोघेही मराठी, हा योगायोग. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी तेन्नेटी विश्वनाथम यांचा २७८ विरुद्ध २०७ मतांनी पराभव केला. विरोधकांना एवढी मते त्याआधी कधीच मिळाली नव्हती. रेड्डी यांनी निवडून आल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला. दहाव्या अनुसूचीत अध्यक्षाला असा राजीनामा देण्याची मुभा आजही आहे, पण ती वापरण्याची प्रथा आपल्याकडे रुजली नाही. १९७६ मध्ये बळीराम भगत यांच्याविरुद्ध जनसंघाचे जगन्नाथराव जोशी लढले आणि ३४४ विरुद्ध ५८ मतांनी हरले. २६ जून २०२४ रोजी ओम बिर्ला यांच्याविरुद्ध के. सुरेश यांचे नाव होते, मात्र विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरला नाही आणि ठराव आवाजी मतदानाने संमत झाला.

प्रश्न : विधानसभेला १७ महिने अध्यक्ष नव्हते, तेव्हा सभागृह चालवत कोण होते? (दिंडोरी, जि. नाशिक)

उत्तर : हा प्रश्न दिंडोरीहून यावा, याची गंमत वाटली, कारण उत्तर आपल्या गावाकडेच आहे. अध्यक्षपद रिक्त असताना अनुच्छेद १८० प्रमाणे त्याची कर्तव्ये उपाध्यक्ष पार पाडतात आणि तेव्हा उपाध्यक्ष होते आपल्या दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ. मार्च २०२० मध्ये त्यांची निवड बिनविरोध झाली असल्याने तेव्हा गुप्त मतदानाचा नियम लागू असूनही मतपेटी आणण्याची वेळ आली नव्हती. जून २०२२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याच्या नोटिसा देण्यात आल्या होत्या. ३ जुलै रोजी नव्या अध्यक्षांच्या निवडणुकीत पीठासीन मात्र तेच होते आणि शिरगणतीचा निकालही त्यांनीच जाहीर केला.